इंजिनचं तापमान काट्यावर दिसतं, ड्रायव्हरचं कोण बघतं?

७ जून २०२०. अमेरिकेत अटलांटाच्या ट्रॅकवर पाचशे मैलांची, म्हणजे जवळपास आठशे किलोमीटरची मोटारशर्यत नुकतीच संपली होती. कोविडमुळे स्टँड रिकामे होते. बबा वॉलेस हा २६ वर्षांचा ड्रायव्हर गाडीतून उतरून तिथेच टीव्हीला मुलाखत देत होता आणि बोलता बोलता त्याला भोवळ आली. बोलणं अर्धवट राहिलं, तोल गेला. त्याला ट्रॅकवरच्या दवाखान्यात नेलं, तपासलं आणि सोडलं. तीनच दिवसांनी तो पुढच्या शर्यतीत उतरला आणि अकरावा आला.

असं दृश्य पाहिलं की मनात दोन प्रश्न येतात. बसून गाडी चालवण्यात एवढं दमण्यासारखं काय आहे? आणि तीन-साडेतीन तास भन्नाट वेगात गाडी सांभाळणारा धडधाकट तरुण गाडी थांबल्यावर का कोसळतो? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तरं माणसाच्या शरीरात आहेत आणि ती समजायला मोटारशर्यतीतलं काही कळावं लागत नाही. घरातला माठ आणि इमारतीवरची पाण्याची टाकी माहीत असली की पुरे.

## आधी गाडी कोणती ते पाहू

'स्टॉक' म्हणजे दुकानात विकायला ठेवलेला माल. शोरूममधली साधी गाडी घ्यायची आणि तीच शर्यतीत पळवायची, या हौसेतून स्टॉक कारचा खेळ अमेरिकेच्या दक्षिण भागात वाढला. १९४८ मध्ये बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने डेटोना बीच इथे त्याची संघटना उभी राहिली, तीच आजची नॅस्कार. आपल्याकडच्या नारायण कार्तिकेयनने २०१० मध्ये याच संघटनेच्या पिकअप ट्रकच्या शर्यत-मालिकेत गाडी चालवली होती.

आजची स्टॉक कार दिसायला तेवढी शोरूममधल्यासारखी असते, आत सगळं शर्यतीसाठीच घडवलेलं. फॉर्म्युला वनच्या गाडीशी तिचा एक फरक मात्र या लेखापुरता फार महत्त्वाचा आहे. फॉर्म्युला वनमध्ये ड्रायव्हरचं डोकं उघड्या वाऱ्यात असतं. स्टॉक कारला छप्पर आहे, काच आहे, दोन्ही बाजूंना न उघडणारी दारं आहेत. ड्रायव्हर पोलादी पिंजऱ्यात, घट्ट सीटमध्ये, पट्ट्यांनी आवळलेला, एका पेटीत बसलेला असतो. आणि या पेटीत एसी नसतो.

## पेटी तापते कशी

आठ सिलिंडरचं ५.८ लिटरचं इंजिन अनेक ट्रॅकवर साधारण ६७० अश्वशक्ती देतं, म्हणजे ५०० किलोवॅट. पण पेट्रोल इंजिन इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच चाकांपर्यंत पोचवतं, उरलेली उष्णता होऊन जाते. हिशेब केला तर पूर्ण दाबलेल्या इंजिनातून सुमारे १००० किलोवॅट उष्णता बाहेर पडते. घरातला साठवणीचा गीझर दोन किलोवॅटचा धरा. पाचशे गीझर एकाच वेळी चालू आहेत आणि ड्रायव्हर त्यांच्यापासून हातभर अंतरावर, पातळ पत्र्याच्या पलीकडे बसला आहे. त्यातली बहुतेक उष्णता एक्झॉस्ट (इंजिनचा धूर बाहेर सोडणारा पाइप) आणि रेडिएटरमधून निघून जाते हे खरं. पण हजारातला थोडासा वाटा आत झिरपला तरी ती छोटी पेटी तापायला पुरेसा आहे. उन्हाळ्याच्या शर्यतीत आतलं तापमान ५० अंशांच्या वर जाणं ही नेहमीची गोष्ट आहे.

सगळ्यात वाईट अवस्था पायांची. अ‍ॅक्सिलरेटर दाबण्यासाठी उजवी टाच तासन् तास फरशीच्या पत्र्याला टेकलेली असते, आणि पत्र्याखाली एक्झॉस्टची धग. टाचा भाजून फोड आल्याचे प्रसंग या खेळात इतके घडले आहेत की बुटांच्या टाचेला उष्णता अडवणारं वेगळं कवच लावायची पद्धत पडली.

२०२२ मध्ये नॅस्कारने नवी गाडी आणली तेव्हा हा त्रास वाढला. या गाडीचा तळ सपाट आणि बंद आहे, त्यामुळे खालची गरम हवा सहज निसटत नाही. शिवाय एक्झॉस्ट दोन्ही बाजूंनी काढल्यामुळे एक तापलेला पाइप थेट ड्रायव्हरच्या बाजूने जातो. ड्रायव्हरांनी तक्रारी केल्यावर पुढच्या आणि मागच्या काचेत हवेसाठी वाटा करण्यात आल्या.

वाऱ्याची आणखी एक गोम आहे. गाडी पळत असते तोवर आत निदान हवा खेळते. अपघातानंतर पिवळा झेंडा पडला की सगळ्या गाड्या हळू चालतात, आणि लाल झेंडा पडला तर जागच्या जागी उभ्या राहतात. आपल्याला वाटतं, चला, बिचाऱ्याला विश्रांती मिळाली. प्रत्यक्षात वारा थांबतो, तापलेलं इंजिन तिथेच असतं आणि पेटीतला पारा चढू लागतो. ड्रायव्हर मात्र पट्ट्यांत तसाच बांधलेला.

## शरीर गार राहतं ते माठासारखं

आपलं शरीर आतून ३७ अंशांच्या आसपास राहायची सतत धडपड करतं. स्नायू काम करतात तेव्हा वापरलेल्या ऊर्जेतला सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता होतो. ती घालवायचा सोपा मार्ग म्हणजे वारा. पण वारा त्वचेपेक्षा गार असेल तरच त्याचा उपयोग. त्वचा साधारण ३५ अंशांची असते. हवा ५० अंशांची असेल तर वारा उष्णता नेण्याऐवजी आणून घालतो. मे महिन्यात भर दुपारी अकोल्याला किंवा चंद्रपूरला दुचाकीवरून गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. वेग वाढवला की झळा जास्तच लागतात.

मग उरतो एकच मार्ग, घाम. आणि इथे बहुतेकांची समजूत चुकते. घाम नुसता आल्याने अंग गार होत नाही, तो वाळल्याने होतं. माठ आठवा. माठ पाझरतो, बाहेरच्या अंगाला आलेला ओलावा वाळतो आणि वाळताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातो. त्याच माठाला बाहेरून ऑइलपेंट फासला तर? माठ तोच, पाणी तेच, पण ते गार होणार नाही.

ड्रायव्हरच्या अंगावर असाच एक रंगाचा थर असतो. आगीपासून वाचवणारा अनेक पदरी सूट, त्याखाली अग्निरोधक बनियन आणि पायजमा, हातमोजे, मोजे, डोक्याला टोपडं आणि वर हेल्मेट. घाम येतो, कपड्यात मुरतो आणि तिथेच राहतो.

याचा हिशेब मांडला की अंगावर काटा येतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. तेवढ्या उष्णतेत सात लिटर गार पाणी उकळीला येईल, इतकी घामाची ताकद मोठी. आता उलट बाजूने पाहा. ७० किलोच्या माणसाचं अंग एक अंशाने तापायला साधारण ५८ किलोकॅलरी लागतात. म्हणजे जेमतेम १०० मिलिलिटर घाम, एका कटिंग चहाएवढा, वाळायच्या ऐवजी कपड्यात जिरला, तर शरीर एक अंशाने तापेल इतकी उष्णता आत अडकून राहते. ड्रायव्हरला तासाला लिटरभर किंवा त्याहूनही जास्त घाम येऊ शकतो.

हवा दमट असेल तर काम आणखी बिघडतं. नागपुरात कूलर लावला की खोली थंडगार होते, तोच कूलर मुंबईत लावला की खोली नुसती चिकट होते. कारण मुंबईच्या हवेत आधीच इतकी वाफ आहे की आणखी पाणी वाळायला जागा नाही. शार्लट, अटलांटा, डेटोना ही स्टॉक कारची जुनी ठाणी उन्हाळ्यात अशीच दमट असतात.

## बसून गाडी चालवण्यात कसले कष्ट?

लांबलचक अंडाकृती ट्रॅकवर ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने वळताना शरीर बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. मान, खांदे, पोट, पाठ, सगळे स्नायू आवळून बसावं लागतं. स्टिअरिंग, ब्रेक आणि क्लच यांना ताकद लागते. त्यावर ताण. इंच-दीड इंचावर दुसऱ्या गाड्या. ड्रायव्हरांचे हृदयाचे ठोके शर्यतभर मिनिटाला १२० ते १५० च्या घरात राहतात. सलग तीन तास जोरकस व्यायाम करणाऱ्याच्या हृदयाची जी गत असते, तीच ही.

यात उष्णतेचा वाटा समजायला इमारतीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी एक, नळ अनेक. स्नायूंना रक्त हवं. मेंदूला हवं. आणि अंग गार करायचं तर आतली उष्णता त्वचेपर्यंत आणायला त्वचेलाही भरपूर रक्त हवं. एरवी तिन्हींचं भागतं. पण घाम येतो तो रक्तातल्याच पाण्यातून. टाकीची पातळी खाली जाते आणि नळ मात्र सगळे सोडलेले. मग मोटर, म्हणजे हृदय, जास्त वेगाने फिरू लागतं. काही काळ ती भार पेलते.

याच चित्रात वॉलेसच्या भोवळीसारख्या प्रकाराचं उत्तर आहे. गाडीत ड्रायव्हर बसलेला असतो, पाय पेडल दाबत असतात, स्नायू आवळलेले असतात, त्यामुळे रक्त वर ढकललं जात राहतं. शर्यत संपते. तो पट्टे सोडून खिडकीतून बाहेर येतो आणि ताठ उभा राहतो. त्वचेतल्या रक्तवाहिन्या अजून पूर्ण उघड्या आहेत, रक्तातलं पाणी कमी झालं आहे, पायांचे स्नायू सैल पडले आहेत. रक्त पायांत साचतं, वरच्या मजल्यावरच्या नळाची धार तुटते. वरचा मजला म्हणजे मेंदू. म्हणून माणूस गाडी चालवताना नाही, गाडीतून उतरल्यावर कोसळतो.

## ग्लानी आणि उष्माघात यांतला फरक

दोन शब्द इथे नीट वेगळे करून घेऊ. उष्णतेची ग्लानी, म्हणजे हीट एक्झॉशन, ही अलीकडची पायरी. खूप घाम, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, गळून जाणं, चक्कर. शरीराचं आतलं तापमान चढलेलं असतं, पण ४० अंशांच्या आत, आणि माणूस भानावर असतो. सावलीत आडवं केलं, पाय थोडे वर घेतले, कपडे सैल केले, गार केलं, पाणी-मीठ दिलं की बहुतेक जण सावरतात. उष्माघात ही पलीकडची पायरी. आतलं तापमान ४० च्या वर आणि मेंदूवर परिणाम: असंबद्ध बोलणं, भान हरपणं, झटके, बेशुद्धी. इथे जिवाला धोका असतो.

एक गैरसमज मी स्वतः वर्षानुवर्षं बाळगला होता, म्हणून मुद्दाम लिहितो. "घाम थांबला तरच तो उष्माघात." उन्हाच्या लाटेत घरात पडून असलेल्या वृद्धांच्या बाबतीत हे बरेचदा खरं असतं. पण श्रम करता करता उष्माघात झालेल्या माणसाला धो धो घाम येत असू शकतो. खेळाडू असो, शेतमजूर असो की सैनिक, बोलणं भरकटलं हीच खूण धरायची. अशा वेळी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची, पण ती येईपर्यंत थांबायचं नाही. माणूस बर्फाच्या किंवा गार पाण्यात बुडवता आला तर उत्तमच, नाहीतर भरपूर पाणी ओतायचं आणि वारा घालायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

शर्यतीत आणखी एक चकवा आहे. डोकेदुखी, मळमळ आणि चक्कर ही सगळी लक्षणं कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेचीही आहेत. हा एक्झॉस्टमधला बिनवासाचा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. रिक मास्ट नावाच्या ड्रायव्हरला २००२ च्या हंगामात गाडी चालवणं सोडावं लागलं ते याच वायूच्या दीर्घकाळच्या विषबाधेने. आता हेल्मेटमध्ये नळीने येणारी हवा हा वायू काढून घेणाऱ्या गाळणीतून सोडतात.

## मग पाणी प्या ना भरपूर!

पितात. बाटलीची नळी हेल्मेटमध्ये आलेली असते. तरीही एका शर्यतीत दोन ते चार किलो वजन कमी होणं नवीन नाही, आणि ते जवळजवळ सगळं पाणीच असतं. ७५ किलोच्या माणसाचं दीड किलो पाणी गेलं की दोन टक्के तूट झाली. एवढ्या तुटीपासूनच दमसास आणि लक्ष यांवर परिणाम दिसू लागतो.

अडचण अशी की पोट आणि आतडी तासाला साधारण लिटरभरच पाणी रक्तात पोचवू शकतात. टाकीचं भोक मोठं आणि वरून येणारा नळ बारीक असेल तर नळ पूर्ण सोडूनही टाकी उतरणारच. जास्त ढोसलं तर पाणी पोटात डुचमळतं आणि उलटी होते. शिवाय घामातून मीठही जातं. नुसतंच पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि त्यानेही गोंधळल्यासारखं होणं, झटके येणं हे प्रकार होतात. म्हणून पाण्याबरोबर मीठ आणि थोडी साखर. आतड्यात साखर आणि मीठ जोडीने आत शिरतात आणि पाण्याला बरोबर ओढून नेतात. ओआरएसच्या पुडीमागचं तत्त्व हेच. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनाबिस यांनी याच मिश्रणाने कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांना वाचवलं. मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत त्याच कुळातलं.

खरी तयारी आदल्या दोन दिवसांत होते. ड्रायव्हर शुक्रवारपासून मोजून पाणी पितात, दारू टाळतात. रविवारी तहान लागल्यावर सुरुवात केली तर उशीर झालेला असतो.

## सूट हलका करता येत नाही?

याचं उत्तर १९६४ सालात आहे. २४ मे रोजी शार्लटच्या सहाशे मैलांच्या शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्स या ड्रायव्हरची गाडी उलटली आणि पेटली. ('फायरबॉल', म्हणजे आगीचा गोळा, हे टोपणनाव त्याला बेसबॉलमधल्या त्याच्या वेगवान फेकीमुळे पडलं होतं, आगीशी त्याचा काही संबंध नव्हता.) त्या काळी साधे कपडे आग रोखणाऱ्या रसायनात बुडवून घालत. रॉबर्ट्सला दमा होता, ते रसायन त्याला सोसत नसे, त्यामुळे त्याच्या अंगावर साधेच कपडे होते. नेड जॅरेट या दुसऱ्या ड्रायव्हरने त्याला आगीतून ओढून काढलं. तो २ जुलैला गेला. त्यानंतर अग्निरोधक कापडाचे सूट हळूहळू सक्तीचे झाले आणि त्यांनी अनेकांचे जीव वाचवले. आगीची उष्णता आत येऊ न देणारं कापड अंगातली उष्णताही बाहेर जाऊ देत नाही, इतकी ही साधी आणि न सुटणारी अडचण आहे. सूट पातळ करा असं मी तरी म्हणणार नाही.

## गार पाण्याचा शर्ट, आणि तो बंद पडला तर

यावर काढलेला तोडगा म्हणजे कूल शर्ट. बनियनवर बारीक नळ्या नागमोडी शिवलेल्या असतात. बर्फाची पेटी, त्यात पाणी, एक छोटा पंप. गार पाणी छातीपाठीवरून फिरतं, अंगाची उष्णता घेतं आणि परत पेटीत जातं. घाम वाळो न वाळो, उष्णतेला बाहेर पडायला एक वाट मिळते. कल्पना फार चांगली आहे.

पण पंप बिघडला की काय होतं पाहा. पाणी फिरायचं थांबतं. ५० अंशांच्या पेटीत नळ्यांतलं पाणी तापतं. आता ड्रायव्हरने अंगावर गरम पाण्याच्या नळ्यांचं एक आणखी अस्तर घातलेलं आहे, आणि पट्ट्यांत बांधलेला असताना ते काढता येत नाही. बर्फ वितळून गेला आणि पंप चालूच राहिला तर त्याहून वाईट, कारण गरम पाणीच अंगावर फिरत राहतं. म्हणून काही ड्रायव्हर वर्षानुवर्षं हा शर्ट घालायलाच तयार नव्हते. मला त्यांचा हट्ट वाटायचा. हे समजल्यावर वाटेनासा झाला.

एसीचं काय, हा पुढचा प्रश्न. फ्रान्समधल्या ल मान्ससारख्या चोवीस तासांच्या शर्यतींत बंद गाड्यांच्या आतल्या तापमानावर नियमाने मर्यादा घातली गेली आणि तिथे अनेक गाड्यांत एसी असतो. म्हणजे ते तंत्राला अशक्य नाही. स्टॉक कारमध्ये वजन, इंजिनची थोडी ताकद आणि बिघडणारा आणखी एक भाग ही कारणं दिली जातात. शर्यतीच्या हिशेबाने ती समजण्यासारखी आहेत. पण सगळ्यांनाच सक्ती केली तर कुणा एकाचं नुकसान होत नाही, आणि म्हणून मला ती कारणं पुरेशी वाटत नाहीत.

## "सवय असली की काही होत नाही"

या म्हणण्यात बरंच तथ्य आहे. रोज तासभर उष्णतेत घाम गाळला तर आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर बदलतं. रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. टाकीच मोठी होते म्हणा. काही ड्रायव्हर यासाठी सॉनात, म्हणजे तापवलेल्या खोलीत, बसतात. पण ही कमाई टिकाऊ नसते, उष्णतेपासून दूर राहिलं की काही आठवड्यांत ओसरते. २०२० मध्ये कोविडमुळे नॅस्कारच्या शर्यती दोन महिन्यांहून जास्त बंद होत्या आणि १७ मे रोजी डार्लिंग्टनला सुरू झाल्या. अटलांटाची शर्यत त्यानंतर तीनच आठवड्यांनी झाली.

आणि कमावलेल्या शरीरालाही हद्द असते. २०१४ मध्ये रिचमंडच्या शर्यतीनंतर जिमी जॉन्सनला पाणी कमी पडल्यामुळे सलाइन लावावं लागलं. तोवर सहा वेळा नॅस्कारचं विजेतेपद मिळवलेला, तंदुरुस्तीसाठी नावाजलेला हा माणूस. सवयीने टाकी मोठी होते, माठावरचा ऑइलपेंट निघत नाही.

## त्रास होतोय तर थांबत का नाहीत?

एक कारण नियमांचं. शर्यत ज्याने सुरू केली त्यालाच गुण मिळतात, नंतर बदली ड्रायव्हर बसला तरी. त्यामुळे बदली शक्य आहे, पण माणूस पट्ट्यांतून सोडवून दुसऱ्याला बांधेपर्यंत फेऱ्या हातच्या जातात.

दुसरं कारण जास्त काळजीचं. थांबायचं की नाही हे ज्याने ठरवायचं, तोच अवयव उष्णतेने मंदावतो. मी ठीक आहे, असं सांगणारा मेंदू हा उष्णतेत शिजत असलेलाच मेंदू असतो. ताशी ३०० किलोमीटरने गाडी सेकंदाला ८३ मीटर जाते. प्रतिसाद पाव सेकंदाने लांबला तर वीस मीटर, म्हणजे चार गाड्यांची लांबी, गाडी कुणाच्या निर्णयाविना पुढे गेलेली असते. आणि ट्रॅकवर तो एकटा नसतो.

म्हणून "मनाची तयारी पाहिजे" हे वाक्य मला या बाबतीत घातक वाटतं. जिद्दीने घाम वाळत नाही.

## आकडा समोर असला तर

फॉर्म्युला वनला हे ऑक्टोबर २०२३ मध्ये कतारला कळलं. एस्तेबान ओकॉनने हेल्मेटमध्येच उलटी केली, लोगन सार्जंटने त्रास असह्य होऊन शर्यत सोडली, अ‍ॅलेक्स अल्बॉनवर उपचार करावे लागले. त्यानंतर नियम आला: उष्णता आणि दमटपणा मिळून येणारा निर्देशांक ३१ अंशांच्या वर जाईल असा अंदाज असेल तर 'उष्णतेचा धोका' जाहीर करायचा आणि गाडीत ड्रायव्हरला गार ठेवणारी यंत्रणा बसवायची. पहिल्यांदा तो जाहीर झाला २०२५ मध्ये सिंगापूरला.

चांगलं पाऊल आहे. पण मोजलं जातं ते बाहेरचं हवामान. स्टॉक कारच्या डॅशबोर्डवर इंजिनच्या पाण्याचं आणि तेलाचं तापमान दिसतं, ते चढलं की टीम लगेच हालचाल करते. शरीराचं आतलं तापमान दाखवणारा आकडा तिथे नसतो. गिळायची, पोटातून तापमान कळवणारी सेन्सरची गोळी १९८० च्या दशकात नासाच्या कामातून तयार झाली आणि खेळाडूंवर वापरली गेली आहे. तो आकडा पिटमधल्या, म्हणजे ट्रॅकशेजारी टीम थांबते त्या जागेतल्या, पडद्यावर यावा आणि ३९.५ सारख्या ठरलेल्या रेषेवर ड्रायव्हरला न विचारता बाहेर बोलवावं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या रस्त्यांवरही या विषयाने नुकतंच एक वळण घेतलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. त्याआधी बनलेल्या लाखो ट्रकना तो नियम लागू नाही. त्यांच्यात इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी किंवा सीटखालीच असतं. मे महिन्यात धुळे-जळगावच्या रस्त्यावर अशा केबिनमध्ये डोकावलं तर दिसतं: इंजिनच्या झाकणावर दुमडून टाकलेली गोणपाटाची घडी, ड्रायव्हरच्या मानेवर ओला टॉवेल, आणि खिडकीला बाहेरून बांधलेली, वाऱ्यावर वाळत जाणारी पाण्याची कापडी पिशवी.